घराला तळमजल्यावर एक खोली वाढवायचीय? सांध्यापासून विचार सुरू करा

मागच्या अंगाला किंवा बाजूला एक खोली काढायची म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं हेच येतं, चार भिंती आणि वर छत, त्यात काय एवढं. आणि नुसती खोली म्हणून बघितलं तर खरंच त्यात फार काही नाहीये. भानगड असते ती नवीन खोली जुन्या घराला जिथं टेकते तिथं. जुना पाया बसायचा तेवढा बसून झालेला असतो, नवा अजून बसायचाय. जुन्या फरशीची लेव्हल ठरलेली आहे, तिला नवीन फरशी जुळवायचीय. पावसाचं पाणी जुन्या भिंतीवरून उतरतं आणि नेमकं नवीन स्लॅबच्या कडेला येऊन थांबतं. वाढीव बांधकामात नंतर जे बिघडतं ना, भेगा, ओल, उंबऱ्याला लागणारी ठेच, ते बहुतेक सगळं या सांध्यावरच. म्हणून खाली सगळ्या पायऱ्या क्रमाने सांगतो, पण जोर सांध्यावर आहे, बाकीचं कोणताही बरा गवंडी नीट करून देतो.

(विटा आणि आरसीसीचं साधं बांधकाम धरलंय, वर मजला नाही.)

आधी जुन्या खोलीचं काय होणार ते बघा

सगळे नवीन खोलीचा प्लॅन काढत बसतात आणि जुन्या खोलीकडे कोणी बघत नाही. ज्या भिंतीला तुम्ही नवीन खोली चिकटवणार त्या भिंतीत आज खिडकी असणार, तीच त्या खोलीचा उजेड आणि हवा. ती गेली की आतली खोली दिवसाढवळ्या लाईट लावायची खोली होते. यावर तीन उपाय आहेत. एक, नवीन खोली त्या भिंतीच्या पूर्ण लांबीला न लावता थोडी भिंत मोकळी सोडायची आणि खिडकी तिथं सरकवायची. दुसरा, नवीन छत खाली घ्यायचं आणि जुन्या भिंतीत त्याच्या वर व्हेंटिलेटर काढायचे. हे ऐकायला छान वाटतं पण हिशेब करा, नवीन खोली आतून साडेआठ फूट उंच, वर ५ इंच स्लॅब, त्यावर ४ इंच वॉटरप्रूफिंगचा कोबा, आणि भिंतीवर किमान ६ इंच वर चढवलेलं वॉटरप्रूफिंग, झाले पावणेदहा फूट. म्हणजे जुनी खोली १० फुटी असेल तर हातात ३ इंच उरतात, त्यात कसला व्हेंटिलेटर. जुनं छत ११-१२ फुटावर असेल तरच या भानगडीत पडा. तिसरा उपाय म्हणजे नवीन छतात सांध्यापासून जरा लांब काचेचा झरोका ठेवायचा आणि मधली भिंत रुंद उघडायची. पण झरोक्याला स्लॅबच्या वर चारी बाजूंनी ६ इंचाचा कट्टा पाहिजेच, नाहीतर तो झरोका म्हणजे गळण्याची दुसरी जागा.

दुसरं, नवीन खोलीत जायचं कुठून? बेडरूममधून वाट काढली तर त्या बेडरूमचा पॅसेज झाला म्हणून समजा. वाट एका कडेने काढली तर तेवढं नुकसान होत नाही.

मग जागेवर फक्कीने खोली आखून बघा, खरी मापं घेऊन. भिंतींची जाडी विसरू नका, बाहेरून १२ फूट असलेली खोली दोन्हीकडे ९ इंची भिंती गेल्या की आतून साडेदहा फूटच राहते. आखलेल्या जागेत पलंग, टेबल, कपाट जे काय ठेवायचंय त्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं पसरा, दार कुठं उघडेल तेही आखा. कागदावर पुरेशी वाटलेली खोली इथं अपुरी निघते, आणि फक्की पुसायला पैसे लागत नाहीत. खिडक्यांचं म्हणाल तर फरशीच्या क्षेत्रफळाच्या दहावा हिस्सा म्हणजे अगदी कमीत कमी, सहावा हिस्सा असेल तर खोली मोकळी वाटते, आणि जमलं तर दोन वेगवेगळ्या भिंतींत ठेवा म्हणजे हवा आरपार जाते.

जमिनीखाली काय आहे

घराच्या मागच्या बाजूला नेमके ड्रेनेजचे पाईप, चेंबर, सेप्टिक टँक, पाण्याची लाईन हे सगळं असतं. प्रत्येक चेंबर उघडून पाणी कुठून कुठं जातं ते बघा, एकात बादलीभर पाणी ओता आणि पुढच्यात बघा. चेंबर नवीन खोलीच्या आत येत असेल तर तो बाहेर हलवा. वर सीलबंद झाकण टाकू म्हणणारे भेटतील, ऐकू नका, लाईन तुंबली की तुम्हाला त्याच खोलीतली फरशी फोडावी लागणार. सेप्टिक टँकवर तर खोली नकोच. पाईप खोलीखालून न्यावाच लागला तर सरळ न्या, खाली वळण किंवा जोड ठेवू नका, आणि जिथं तो पायाच्या भिंतीतून जातो तिथं भोवती थोडी मोकळी जागा सोडून भोकावर छोटी लिंटेल (वरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी पट्टी) टाका, म्हणजे भिंत बसली तरी पाईप दबत नाही. ४ इंची पाईपला १० फुटाला साधारण ३ इंच उतार चांगला चालतो.

आणि एक खड्डा घ्या. जुन्या भिंतीला लागून अडीच बाय अडीच फुटाचा, जुन्या पायाच्या तळापर्यंत, त्याच्या खाली नाही. हा एक खड्डा दोन गोष्टी सांगतो, जुना पाया किती खोल आणि किती रुंद आहे, आणि खाली माती कसली आहे. मुरूम किंवा खडक लागला तर फारशी काळजी नाही. चिकणमाती किंवा काळी माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, तिथं पाया कसा घ्यायचा हे इंजिनिअरने ठरवायचं, अंदाजाने नाही. जवळ मोठं झाड असेल तर तेही सांगा, चिकणमातीत झाडाची मुळं पाणी ओढून जमीन खाली बसवतात. खड्डा बघून झाला की लगेच भरून चोपून घ्या.

परवानगी आणि इंजिनिअर

परवानगी हा भाग छोटाच सांगतो कारण नियम जागेप्रमाणे बदलतात. तुमच्या भागात बांधकाम परवानगी जे ऑफिस देतं तिथं जाऊन तीन गोष्टी विचारा, हद्दीपासून किती अंतर सोडायचं, प्लॉटवर अजून किती बांधकाम करता येतं, आणि जुनं घर मंजूर नकाशाप्रमाणेच आहे का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण आधी कोणीतरी बाल्कनी बंद केलेली असते नाहीतर शेड टाकलेली असते आणि ती नवीन अर्जाच्या वेळी बाहेर येते. घरावर कर्ज असेल तर बँकेला आणि विमा असेल तर विमा कंपनीला कळवा. शेजाऱ्याला खोदाई सुरू व्हायच्या आधी सांगा, त्याच्या भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवा, पुढे वाद झालाच तर उपयोगी पडतात.

इंजिनिअर लागतो का, एका खोलीसाठी? लागतो. १० बाय १२ फुटाचा ५ इंची स्लॅब घेतला तर नुसत्या काँक्रीटचं वजन साधारण साडेतीन टन होतं, त्यावर कोबा, फरशी, चढणारी माणसं वेगळी. हे वजन कुठून खाली जाणार याचं उत्तर ड्रॉइंगवर पाहिजे. पुढेमागे वर मजला चढवायचाय का तेही त्याला आत्ताच स्पष्ट सांगा, "बघू पुढे" असं नको. चढवायचा असेल तर फुटिंग (कॉलमच्या खालचा रुंद पाया) आणि कॉलम त्या हिशेबाने पडतील, नसेल तर उगाच जास्तीचं स्टील कशाला.

छत हलकं ठेवायचा पर्यायही विचारून घ्या. लोखंडी सांगाड्यावर इन्सुलेटेड पत्रे टाकले तर वजन एकदम कमी होतं, पाया छोटा होतो, आणि जमीन कमकुवत असेल तर माझं मत हेच की स्लॅबचा हट्ट सोडा. फक्त पत्र्याला कंपनी सांगते तेवढा उतार पूर्ण द्या आणि उतार जुन्या घरापासून लांब जाणारा ठेवा. घराकडे उतार म्हणजे पाणी स्वतःहून सांध्यात सोडणं.

पैसे आणि ठेका

चौरस फुटाचा एक आकडा सांगून ठेकेदार काम घेतो तेव्हा त्यात काय काय आलं ते लिहून घ्या, कारण वाढीव बांधकामात नेमक्या सांध्याच्या गोष्टीच त्या आकड्यात नसतात. जुनी भिंत फोडणं, लिंटेल टाकणं, मलबा उचलणं, चेंबर हलवणं, जुन्या खोलीचं प्लास्टर आणि रंग नीट करून देणं, जुना मीटर किंवा पाण्याची टाकी सरकवणं, हे सगळं नंतर "एक्स्ट्रा" म्हणून येतं. आधीच ओळीओळीने लिहा. पैसे टप्प्याने द्या, पाया, जोता, स्लॅब, प्लास्टर असं काम झाल्यावर, ॲडव्हान्स कमीत कमी. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा, गळती पावसातच कळते. बजेटच्या वर १० ते १५ टक्के बाजूला हवेतच, जमिनीखालचं आणि जुन्या भिंतीच्या आतलं काय निघेल ते आधी कुणालाच दिसत नाही.

आखणी आणि खोदाई

आखणी जुन्या भिंतीवरून करतात, आणि जुनी भिंत सरळ आहे असं सगळे धरून चालतात. ती नसते. दोरी लावून बघा, तीन ठिकाणी ओळंबा सोडा. मग गुण्या बघायची जुनीच पद्धत, कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, तिरकं माप ५ फूट आलं की काटकोन झाला. मोठ्या खोलीला ६-८-१० घ्या. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. दोरीच्या खुंट्या खोदाईच्या रेषेपासून ३-४ फूट बाहेर ठोका, नाहीतर खोदताना त्याच उखडतात आणि मग सगळं अंदाजपंचे.

आता सांध्याची पहिली गोष्ट. जुन्या पायाला लागून त्याच्या तळाच्या खाली खोदायचं नाही. जुन्या पायाखालची माती बाजूच्या मातीच्या आधाराने उभी असते, तो आधार काढला की ती सरकते आणि त्याबरोबर घराचा कोपरा. खोल जावंच लागलं तर इंजिनिअरसमोर, एका वेळी ३ फुटाचा तुकडा, तो भरून घट्ट झाल्यावर पुढचा, आणि लागोपाठचे तुकडे एकदम नाहीत. चर उघडे टाकून सुट्टीवर जायचं नाही, एका रात्रीच्या पावसाने चरात पाणी भरलं की तळ मऊ पडतो. तसं झालंच तर मऊ चिखल काढून टाका, त्यावर कोरडी माती पसरून काम पुढे रेटू देऊ नका.

नवीन कॉलम जुन्या भिंतीला अगदी चिकटून घ्यायचा असेल तर त्याचं फुटिंग जुन्या पायावर चढतं, ही अडचण प्रत्येक वाढीव खोलीत येते. साधा मार्ग म्हणजे कॉलम भिंतीपासून दोन-तीन फूट आत घ्यायचे आणि बीम-स्लॅब तिथून जुन्या भिंतीपर्यंत पुढे काढायचा, टेकवायचा नाही. दुसरा मार्ग स्ट्रॅप बीमने, म्हणजे जमिनीखालच्या जोडतुळईने, दोन फुटिंग जोडायचा. कुठला घ्यायचा ते ड्रॉइंगवर ठरतं. जे करायचं नाही ते मात्र सगळ्यात जास्त केलं जातं, जुन्या भिंतीत खाच मारून नवीन स्लॅब सरळ त्यात बसवणं. एक भिंत वाचली म्हणून मालक खूश, ठेकेदारही खूश. पण मग स्लॅबची एक बाजू बसून झालेल्या पायावर आणि दुसरी अजून बसायच्या पायावर, आणि जुन्या पायावर न मोजलेलं वजन, तडा जाणारच की.

तर सांधा मोकळा ठेवायचा. नवीन बांधकाम स्वतःच्या पायावर उभं, जुन्या आणि नव्याच्या मध्ये २० ते २५ मिलिमीटरची फट, बांधताना तिच्यात थर्मोकोलची शीट उभी लावायची म्हणजे मसाला पडून फट भरत नाही. भूकंपाचा भाग असेल तर फट किती लागेल ते इंजिनिअर सांगेल. ही फट नंतर बाहेरून सीलंटने आणि वरून फ्लॅशिंगने, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीने, झाकली जाते. घर आणि खोली आपापल्या परीने हलली तरी भेग पडायला काही उरत नाही कारण ती आपण आधीच सरळ रेषेत देऊन ठेवलीय.

जोता, लेव्हल, ओल

पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), फुटिंग, कॉलमचा खालचा भाग, प्लिंथ बीम (जोत्याच्या उंचीची तुळई) हे क्रमाने होतं, इथं फक्त काय तपासायचं ते सांगतो. स्टीलच्या खाली कव्हर ब्लॉक (सळई आणि साच्यात अंतर राखणारे ठोकळे) पाहिजेत, फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. खडीचे तुकडे ठेवून भागवतात, ते काँक्रीट पडताना निसटतात आणि सळई तळाला टेकते. सळयांभोवती बांधलेल्या रिंगांचे हुक आत १३५ अंशात वळवलेले हवेत, नुसते काटकोनात दुमडलेले नाही. स्टीलचं वजन स्वतः ताडून बघता येतं, सळईच्या मिलिमीटरचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, एका मीटरचं किलोतलं वजन मिळतं. १२ मिलिमीटरची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. वजनकाट्यावर त्यापेक्षा बरंच कमी भरलं तर माल परत.

जोत्यात भराव टाकताना ६ ते ८ इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. एकदम दोन फूट माती लोटून वर फरशी केली की वर्षभरात फरशी पोकळ वाजायला लागते. वाळवी प्रतिबंधक औषध फरशीच्या पीसीसीआधी मातीवर मारून घ्या, नंतर ते नीट करता येत नाही.

लेव्हलची बाब अशी की जुन्या घरातल्या तयार फरशीवरून उलटं मोजत यायचं. टाईल ८ ते १० मिलिमीटर, खाली मसाला २५ ते ४०, म्हणजे पीसीसीचा माथा जुन्या फरशीपासून साधारण ५० मिलिमीटर खाली पाहिजे. टाईल आधी निवडा मग पीसीसीची लेव्हल द्या. लेव्हल ट्यूबने जुन्या फरशीची खूण चारी कॉलमवर मारून घ्या आणि ती खूण कामभर पुसू देऊ नका, लिंटेल, खिडक्या, स्लॅब सगळं त्याच खुणेवरून मोजायचं. मधल्या दाराशी अर्ध्या इंचाचा फरक राहिला तर तो एक पायरी नसतो आणि सपाटही नसतो, तिथं माणूस हमखास अडखळतो.

बाहेरची जमीन मात्र डीपीसीच्या, म्हणजे जोत्यावरच्या ओल रोखणाऱ्या पट्टीच्या, किमान ६ इंच खाली असली पाहिजे. जुन्या घराची ही पट्टी कुठल्या उंचीला आहे ते शोधा आणि नवीन डीपीसी त्याच लेव्हलला जुळवा, सांध्यात दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा राहिली तर ओल तेवढ्यातूनच वर चढते.

भिंती

वीट दुसऱ्या विटेवर वाजवली तर खणखणीत आवाज आला पाहिजे, नखाने ओरखडा उठायला नको. बांधायच्या आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. वाळूसाठी पारदर्शक बाटलीत निम्मी वाळू आणि पाणी घालून हलवा, काही तास ठेवा, वर गाळाचा जो थर दिसेल तो ७-८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू धुवा किंवा परत पाठवा. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख बघा, ३ महिन्यांच्या वरचं नको, लागेल तसं मागवा आणि भिंतीपासून लांब फळ्यांवर रचा.

९ इंची भिंतीला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) आणि साडेचार इंचीला १:४ मसाला. एका दिवसात ५ फुटापेक्षा उंच चढवू देऊ नका, ओल्या मसाल्यावर वजन येऊन भिंत ओळंब्याबाहेर जाते. बीमच्या खालचा शेवटचा थर चार-पाच दिवस थांबून भरायचा. पाणी मारणं किमान ७ दिवस. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होत नाही, कारण पाणी मारायची जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरलेलं नसतं, ठेकेदार म्हणतो मालक, मालक म्हणतो ठेकेदार. करारात नाव टाका.

स्लॅब

स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनिअरने स्टील बघितलेलं असलं पाहिजे, सकाळी गाडी दारात उभी असताना नाही. तुम्ही स्वतः काय बघाल? सेंट्रिंगचे (काँक्रीट ओतायच्या साच्याचे) टेकू कडक जमिनीवर आहेत का, मातीत रुतणारे तर नाहीत. इलेक्ट्रिकचे पाईप आणि फॅन बॉक्स आधी टाकलेत का. आणि वरच्या थराचं स्टील वरच आहे का. आपण जुन्या भिंतीपर्यंत स्लॅब पुढे काढलाय ना, तो पुढे आलेला भाग आणि छज्जा, यांचं मुख्य स्टील वरच्या बाजूला असतं, आणि काँक्रीट ओतताना माणसं त्यावरूनच पाटी घेऊन चालतात. सळई तुडवली जाऊन खाली बसली तर तो छज्जा वरून चिरतो. त्या सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या लोखंडाच्या घोड्या पाहिजेत आणि चालायला फळ्या.

साइटवर मिक्सर लावणार असाल तर १:१.५:३ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५ लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पसरायला सोपं जातं म्हणून मजूर पाणी वाढवतात, तिथंच उभं राहा. काँक्रीट कोरडं वाटत असेल तर व्हायब्रेटर नीट फिरवायला सांगा, पाइपाने पाणी नाही. स्लॅब एका दमात पूर्ण करायचा, निम्मा आज निम्मा उद्या असं केलं तर गळायची रेषा तयार.

दुसऱ्या दिवसापासून मातीचे किंवा मसाल्याचे बांध घालून वर पाणी साठवा, ७ ते १० दिवस, कडक ऊन असेल तर १४. टेकू काढायची घाई नको, साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४, बीमखालचे १४, आणि थंडी असेल तर जास्त. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात, तोवर वर विटांचे ढीग रचू नका.

छताचा सांधा

इथं सगळ्यात चांगला माणूस लावा. स्लॅबवर उतार जुन्या भिंतीपासून बाहेर, दर ८ फुटाला किमान १ इंच. पाणी जायला ४ इंची दोन तोंडं ठेवा, एक पानं अडकून तुंबलं तरी दुसरं चालू राहतं.

जुन्या भिंतीवर स्लॅबच्या तयार पातळीपासून किमान ६ इंच उंचीपर्यंत प्लास्टर काढून टाका. फट बांधकामात तशीच राहायला हवी, म्हणून नवीन स्लॅबच्या कडेला फटीच्या अलीकडे छोटा कठडा उचला, वॉटरप्रूफिंग त्या कठड्यावर वाटा मारून चढवा, काटकोनात नाही, कोपरा गोल हवा. फटीत फोमची दोरी दाबून वर सीलंट भरा. मग जुन्या भिंतीत कठड्याच्या वर इंचभर खोल आडवी खाच कापा, तिच्यात पत्र्याच्या फ्लॅशिंगची वरची कड घालून मसाला आणि सीलंटने बंद करा, आणि पत्रा खाली कठड्यावरून वाकवून सोडा. पत्रा फक्त जुन्या भिंतीला पक्का, कठड्याला खिळा मारायचा नाही. दोन्हीकडे ठोकला तर घर हललं की पत्रा फाटतो किंवा खाचेतून उपटतो. सगळीकडे हीच गंमत, सांध्यावर बसणारी कुठलीही पट्टी एकाच बाजूला पकडायची.

झालं की सगळे आउटलेट बंद करून स्लॅबवर पाणी साठवा, ४८ ते ७२ तास, आणि खालून बघा. वर कोबा आणि फरशी पडायच्या आधी ही टेस्ट एकदा, नंतर परत एकदा.

मधली भिंत सगळ्यात शेवटी फोडायची

उत्साहात लोक आधीच फोडतात आणि पुढचे काही महिने धूळ, पाऊस, उंदीर घरात. नवीन खोलीला छत, खिडक्या, बाहेरचं दार लागलं, की मगच.

आणि फोडायच्या आधी त्या भिंतीतल्या खिडकीकडे नीट बघा. खिडकीच्या रुंदीत दार बसत असेल तर काम एकदम सोपं होतं, वर लिंटेल आधीच आहे, तुम्हाला फक्त खिडकीच्या खालची भिंत जोत्यापर्यंत उतरवायची. दाराची रुंदी तिप्पट करण्यापेक्षा मी तरी हाच मार्ग घेईन, पैसे आणि जोखीम दोन्ही कमी. लिंटेलची उंची तेवढी मोजून घ्या.

मोठी उघडीप हवीच असेल तर आधी ठरवा की भिंत वजन पेलणारी आहे का. कॉलम-बीमचं घर असेल तर ती नुसती भरलेली असते, तिथं फक्त कॉलम किंवा बीमला हात लावायचा नाही, इंचभरही नाही. वजन पेलणारी असेल तर क्रम असा: वरच्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू, मग भिंतीत उघडीपीच्या वर भोकं पाडून त्यातून आडव्या लोखंडी तुळया घालून त्यांना खाली टेकू, मग लिंटेलच्या जागी भिंतीची निम्मी जाडी एका बाजूने कापून एक लोखंडी चॅनल बसवायचं, वरची पोकळी कमी पाण्याच्या १:३ मसाल्याने ठासून भरायची, तो घट्ट झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरं चॅनल. लिंटेल दोन्हीकडे किमान ६ इंच, शक्यतो ८ इंच टेकलेली. त्यानंतर खालची भिंत वरून खाली एकेक थर काढत उतरवायची. खालून ब्रेकर लावून पाडणाऱ्याला लगेच थांबवा.

प्लास्टर, वायरिंग, फिनिशिंग

नवीन खोलीत विटांची भिंत आणि कॉलम-बीम जिथं भेटतात तिथं चिकन मेश (बारीक तारेची जाळी) दोन्ही बाजूंना ६ इंच जाईल अशी लावून मग प्लास्टर. पण जुन्या-नव्या सांध्यावर मेश लावू नका, तिथं उलट करायचंय, प्लास्टर दोन्हीकडून येऊन फटीशी सरळ थांबलं पाहिजे. गवंडी सवयीने सपाट ओढून देतो आणि म्हणतो दिसणारच नाही, पहिल्या वर्षातच दिसतं. आतून त्यावर लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी एका बाजूला स्क्रू करून लावा. फरशीतही दाराखाली टाईलचा सांधा बरोबर फटीवर आणा आणि वर पट्टी घ्या.

वायरिंगला जुन्या बोर्डातून एक वायर ओढून सगळी खोली चालवू नका. नवीन सर्किट, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाईट बंद करणारा स्विच) आहे का ते बघा, अर्थिंग तपासून घ्या. लाईट-फॅनला १.५ चौरस मिलिमीटर, पॉवर पॉइंटला २.५, एसी किंवा गिझर येणार असेल तर ४ ची वायर. भिंती बंद व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, पाईप कुठून गेलेत ते पुढे ड्रिल मारताना कामाला येतं.

रंगाआधी प्लास्टर महिनाभर तरी वाळू द्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खुणा करून मधलं अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहा, दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. मिलिमीटर-दीड मिलिमीटर फरक पडून थांबला तर ते नेहमीचं बसणं आहे. फरक वाढतच चालला, किंवा जुन्या भिंतीत सांध्यापासून लांब तिरक्या भेगा दिसायला लागल्या तर इंजिनिअरला बोलवा, पुट्टी भरून झाकू नका. पावसाळा झाला की छतावर चढून सीलंट सुटलंय का आणि फ्लॅशिंगची खाच उघडी पडलीय का ते बघून घ्या, खाली कोपऱ्यात ओल नसेल तर राखलेले पैसे देऊन टाका.